गल्ल्यावरचा शेठ, फलकावरचा शेठ

डोलवीच्या रस्त्यावर संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटली की किराणा दुकानापुढे उभे राहायला जागा उरत नाही. कुणाला पाव किलो साखर हवी असते, कुणाला सुकटीची पुडी, बिहारहून आलेल्या हेल्परला मोहरीच्या तेलाची लहान बाटली. "शेठ, लिहून ठेवा," म्हणत माणूस पिशवी उचलतो आणि दुकानदार लाल पुठ्ठ्याच्या वहीत एक ओळ वाढवतो. समोरच्या विजेच्या खांबाला वाढदिवसाचा फलक बांधलेला असतो. त्यावरही एक शेठ असतात, हात जोडलेले, आणि त्यांच्या खाली पंधरा-वीस शुभेच्छुकांचे चेहरे. गल्ल्यावरचा शेठ दिवसाचे बारा तास तराजूशी बसतो. फलकावरचे शेठ निवडणुकीला उभे राहतात. दोघांना एकच हाक कशी लागू झाली, हे समजून घ्यायचे तर नव्वद वर्षे मागे जावे लागते. रायगडच्या राजकारणाचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्नही त्यातच दडलेला आहे: दुकानदार, व्यापारी, ठेकेदार लोकप्रतिनिधी होतो तेव्हा तो सभागृहात नेमके काय घेऊन जातो?

या जिल्ह्यातले शेतकऱ्यांचे राजकारण मुळात दुकानाच्या वहीविरुद्ध उभे राहिले. वडखळवरून अलिबागकडे निघाले आणि धरमतरचा पूल ओलांडला की पोयनाड लागते. चरी तिथून जवळ. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीत शेतकऱ्यांची परिषद भरली आणि पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचे ठरवले. संप सुमारे सहा वर्षे चालला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. कूळ राबणार, बांध घालणार, खारे पाणी अडवणार आणि पीक आले की खोताचा वाटा आधी मोजून द्यायचा, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. पावसाळ्याच्या तोंडाशी घरातले भात संपले की सावकाराच्या दुकानातून धान्य उचलायचे आणि सुगीला दीडपट, दुप्पट करून फेडायचे. खोत आणि सावकार एकच नसले तरी कुळाच्या आयुष्यात ते एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसलेले असत. लिहिता न येणाऱ्या माणसाच्या नावावर वहीत काय चढते, हे त्याला कधीच कळत नसे. संपाच्या काळात या गावांनी जंगलातली लाकडे विकून, खाडीतली मासळी-चिंबोऱ्या पकडून दिवस काढले. उपास सोसूनही त्यांनी नांगर हातात घेतला नाही.

त्या संपातून या जिल्ह्याचा शेतकरी आमदार तयार झाला. १९३७ च्या निवडणुकीत नारायण नागू पाटील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, मुंबई विधानसभेत गेले. त्याच वर्षी 'कृषीवल' हे वृत्तपत्र सुरू झाले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक सभागृहात मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. खोती कायद्याने संपायला १९४९ साल उजाडले. पण त्याआधीच कुलाब्याने एक गोष्ट शिकून घेतली होती: वहीतला आकडा सभागृहात वाचता येतो, त्यावर कायदा करता येतो. माझ्या दृष्टीने त्या संपाची खरी कमाई ती.

पुढची तीस-चाळीस वर्षे या जिल्ह्यात राजकारणी माणसाला हाक होती 'भाई'. १९४७ मध्ये शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) निघाला आणि अलिबाग, पेण, पनवेल, उरण ही त्याची घरे झाली. लाल बावटा, मोर्चे आणि साध्या मराठीतली कडक भाषणे. भाईचा व्यवसाय काय हे कुणी विचारत नसे, कारण चळवळ हाच त्याचा व्यवसाय. त्याच काळात जिल्ह्याने दुसऱ्या तऱ्हेची माणसेही दिली. मूळचे रोह्याचे चिंतामणराव देशमुख, आयसीएस अधिकारी आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेत गेले आणि मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडून आले. आंबेतचे अ. र. अंतुले बॅरिस्टर. जासईचे दि. बा. पाटील वकील, पनवेलचे पाच वेळा आमदार आणि दोनदा खासदार. शेतकरी, अधिकारी, वकील अशी ही रांग आहे. तिच्यात दुकानदार शोधूनही सापडत नाही. बाजारपेठ होती, पेणच्या पोह्याच्या गिरण्या होत्या, रोह्याची पेठ होती, पण व्यापारी माणूस वर्गणी देऊन मागे राहत असे. आमदारकीला उभे राहणे हे आपले काम नव्हे, असे त्यालाच वाटत असावे.

मग जमीन विकली जाऊ लागली.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणमधल्या पंचाण्णव गावांची जमीन घ्यायचे ठरले. मोबदला इतका तुटपुंजा होता की दि. बां.च्या पुढाकाराने मोठे आंदोलन झाले. जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी ठार झाले. त्या रक्ताच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. या हक्काचे मोल कमी लेखता येणार नाही. पण त्याच वेळी आणखी एक घडले. ज्याची जमीन गेली त्याच्या हातात ठेका आला. भरावाची माती, मुरूम, खडी, पाण्याचे टँकर, डंपर, कामगारपुरवठा, कारखान्याचे भंगार अशी कामे प्रकल्पग्रस्तांना मिळावीत ही मागणी न्याय्यच होती आणि ती मान्यही होत गेली. नांगर धरणाऱ्या घरात बिलबुक आले. नव्वदच्या दशकात हीच लाट आंबा नदीच्या काठाने डोलवीपर्यंत पोचली. इस्पातचा पोलादाचा कारखाना उभा राहिला, २०१० मध्ये तो जेएसडब्ल्यूकडे गेला आणि आज त्याची क्षमता वर्षाला एक कोटी टनांवर गेली आहे. गडब, डोलवी, वडखळ या पट्ट्यातल्या तरुणाला पहिल्यांदा कळले की भातापेक्षा डंपर लवकर पैसे देतो.

राजकारणी माणसाला 'शेठ' ही हाक रूढ झाली ती याच काळात. रामशेठ ठाकूर हे त्याचे ठळक उदाहरण. न्हाव्यासारख्या गावातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा साताऱ्यात 'कमवा आणि शिका' योजनेत शिकला, शिक्षक झाला, मग ठेकेदारीत उतरला आणि १९९८ व १९९९ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत शेकापकडून कुलाब्याचा खासदार झाला. लाल बावट्याच्या पक्षाने शेठ निवडून दिला, ही त्या काळातली फार मोठी खूण होती. रयत शिक्षण संस्थेला त्यांनी केलेली मदत मोठी आहे आणि तिची दखल घ्यायलाच हवी. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले. त्यांचे चिरंजीव प्रशांत ठाकूर २००९ मध्ये काँग्रेसकडून आणि २०१४ पासून भाजपकडून पनवेलचे आमदार. महाडला भरतशेठ गोगावले, अलिबागला महेंद्रशेठ दळवी आणि आमच्या पेणला रवीशेठ पाटील. पेणची गादी अनेक वर्षे शेकापच्या मोहन पाटलांकडे होती. २००४ मध्ये रवीशेठ काँग्रेसकडून निवडून आले, २००९ आणि २०१४ मध्ये मोहन पाटलांचे चिरंजीव धैर्यशील शेकापकडून, २०१९ आणि २०२४ मध्ये पुन्हा रवीशेठ, या वेळी भाजपकडून. धैर्यशील पाटील २०२३ मध्ये भाजपमध्ये गेले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेवर. वीस वर्षे एकमेकांविरुद्ध लढलेली दोन घरे आज एकाच पक्षात आहेत. माणसे वाईट झाली असे मी म्हणत नाही. पण पेणच्या मतदाराला आज भाई आणि शेठ यांतून निवड करावी लागत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

शेठ हा शब्द काही कमीपणाचा नव्हे. मुंबई इलाख्याच्या कायदे मंडळावर नेमल्या गेलेल्या पहिल्या हिंदी सभासदांतले एक जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठ हे व्यापारी घराण्यातलेच. १८६२ मध्ये ते मंडळावर गेले. त्याच्या नऊ वर्षे आधी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली होती आणि ती यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत नाना होते. शाळा, ग्रंथालये, मुलींचे शिक्षण यांत त्यांनी पैसा घातला. पण या विषयात माझ्यासाठी नानांपेक्षाही जवळचे उदाहरण महात्मा फुल्यांचे आहे. फुले म्हटले की आपल्याला शाळा आठवतात, सत्यशोधक समाज आठवतो. ते दुकानदार आणि ठेकेदार होते हे आपण विसरतो. घरचा धंदा फुलांचा. पुढे धातू ओतण्याच्या मुशी विकण्याची एजन्सी त्यांनी चालवली आणि बांधकामांना साहित्य पुरवण्याचे ठेके घेतले. १८७६ मध्ये ते पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा हा पैसा शिक्षणाला लावा म्हणत विरोध करणारे सभासद ते एकटेच. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते हे, की स्वतः ठेकेदारी करत असतानाच बांधकाम खात्यातल्या लाचखोरीवर त्यांनी लेखणी चालवली. ज्या खात्याकडून बिल मंजूर व्हायचे त्याच खात्याची वही त्यांनी लोकांपुढे उघडली. ठेकेदार लोकप्रतिनिधी होऊ शकतो का, या प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. होऊ शकतो, पण मग त्याला बिलाची पर्वा सोडावी लागते.

दुकानातून विधिमंडळात जाणारी वाट जगात सगळीकडे आहे. वेल्समधून किंवा वेल्श घरांतून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या माणसांत तिची अनेक उदाहरणे सापडतात. सगळ्यात गाजलेले बिली ह्यूज यांचे. जन्म १८६२ मध्ये लंडनला, आईवडील वेल्श. आपण वेल्सचेच, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. १८८४ मध्ये ऑस्ट्रेलियात उतरले, पडेल ते काम केले आणि १८९० च्या सुमारास सिडनीतल्या बालमेन या कामगारवस्तीत एक लहानसे दुकान मांडले. सटरफटर माल, छत्र्यांची दुरुस्ती आणि शेजारी राजकीय पत्रके. बायको लोकांचे कपडे धुऊन द्यायची. गोदीतले मजूर छत्री दुरुस्त होईपर्यंत थांबायचे, बोलायचे, पत्रक चाळायचे. मागच्या खोलीत मजूर चळवळीतले तरुण जमायचे. १८९४ मध्ये याच माणसाला लोकांनी न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेत पाठवले, १९०१ मध्ये संघराज्याच्या पहिल्या संसदेत, आणि १९१५ मध्ये ते पंतप्रधान झाले. १९५२ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारले तेव्हाही ते खासदार होते. अठ्ठावन्न वर्षे सलग आमदार-खासदार.

त्यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजूही भारतीय वाचकाने पाहायला हवी. सक्तीच्या सैन्यभरतीच्या प्रश्नावर १९१६ मध्ये त्यांच्याच मजूर पक्षाने त्यांना बाहेर काढले. त्यानंतर ते एकामागून एक पक्ष बदलत राहिले, प्रत्येक वेळी सभागृहातली जागा मात्र राखून. १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत जपानने सर्व वंशांच्या समानतेचे कलम मागितले, तेव्हा त्याला सर्वांत कडवा विरोध ह्यूज यांनी केला. बालमेनच्या गल्ल्यावर सगळ्या गिऱ्हाइकांना सारखे मोजणारा माणूस मोठ्या सभागृहात पोचल्यावर गोऱ्यांपुरतेच माप वापरू लागला. दुकान माणसाला जमिनीशी बांधून ठेवते, पण जन्मभरासाठी नाही. ते सोडून बरीच वर्षे झाली की दुकानाने शिकवलेले पुसत जाते.

आपल्याकडे याच वाटेवरचे सर्वांना माहीत असलेले नाव छगन भुजबळ. नाशिकला जन्मलेल्या आणि लहानपणीच आईवडील गमावलेल्या या मुलाला मुंबईतल्या नातेवाइकांनी वाढवले आणि तो भायखळ्याच्या मंडईत भाजी विकू लागला. १९७३ मध्ये नगरसेवक, १९८५ मध्ये महापौर, त्याच वर्षी माझगावचे आमदार. १९९१ च्या अखेरीला त्यांनी शिवसेना सोडली, १९९५ मध्ये माझगावात पडले आणि २००४ पासून येवल्याचे आमदार. भायखळ्याच्या मंडईत पहाटे ट्रक उतरवणारा, टोपल्या लावणारा, हातगाडीवाल्याशी भाव करणारा माणूस शंभर जातींच्या आणि दहा भाषांच्या माणसांशी एकाच सकाळी बोलतो. पुढे मागासवर्गीयांच्या प्रश्नावर राज्यभर माणसे जोडण्याचे बळ त्यांच्यात आले, त्याची मुळे मला त्या पहाटेत दिसतात. त्यांच्या राजकारणातल्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असे नाही, पण मंडईचे हे ऋण कुणी नाकारू नये.

परदेशातले एक ताजे उदाहरण श्री ठाणेदारांचे. बेळगावात वाढलेला हा मराठी मुलगा १९७९ मध्ये अमेरिकेला गेला, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, प्रयोगशाळेचा धंदा उभा केला, मंदीच्या फटक्याने २०१० मध्ये तो गमावला आणि पुन्हा उभा केला. मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत २०१८ मध्ये हरले, २०२० मध्ये राज्याच्या सभागृहात आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात निवडून आले. प्रचारात स्वतःचा पैसा त्यांनी मोठ्या प्रमाणावर ओतला. धंद्यातून आलेल्या उमेदवाराला कुणाच्या देणगीची गरज राहत नाही, म्हणजे तो मोकळा असतो, असे म्हणणारे अनेक आहेत. मला हे अर्धेच पटते. देणगीदारापासून तो मोकळा होतो, पण दाराशी आलेल्या प्रत्येकाचे ऐकण्याची सक्तीही त्याच्यावरून उठते.

डोलवीच्या दुकानात मला जे दिसते ते इथेच येऊन मिळते. दुकानदार आणि ठेकेदार दोघांनाही आपण शेठ म्हणतो, पण त्यांची गिऱ्हाइके वेगळी आहेत. दुकानदाराची गिऱ्हाइके तीनशे. एकाशी वाकडे झाले तरी चालते, पन्नास जणांशी झाले की शटर ओढावे लागते. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा पगार दोन महिने अडकला आहे, कुणाच्या मुलीचे लग्न ठरले आहे हे त्याला वहीतून आधी कळते, तोंडाने नंतर. ठेकेदाराचे गिऱ्हाईक एकच असते, फार तर दोन: कंपनी किंवा सरकारी खाते. त्याला गावातली तीनशे माणसे गिऱ्हाईक म्हणून लागत नाहीत. लागतात ती वाढदिवसाच्या फलकावर आणि मतदानाच्या दिवशी. त्याचे बिल मंजूर करणाऱ्याविरुद्ध सभागृहात बोलायची वेळ आली तर त्याने काय करावे? फुल्यांनी काय केले ते आपण पाहिले. आज ठेक्यातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला गावाने हा प्रश्न सरळ विचारायला हवा, आणि मान राखून विचारता येतो. पेणच्या लोकांना तसे विचारता येते हे त्यांनी दाखवलेले आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही, यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत शेतकऱ्यांचे मत घेतले गेले. एन. डी. पाटलांसारखे जुने भाई या लढ्यात होते. बहुसंख्य शेतकऱ्यांनी 'नाही' सांगितले आणि पुढे ते भूसंपादन बारगळले. त्या दिवशी बावीस गावांनी कुठल्याही शेठला मध्ये न घेता आपला हिशेब आपणच लिहिला.

पेणच्या व्यापाऱ्यांवर घाला पडला तो त्यानंतर दोन वर्षांनी. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. पोहे गिरणीवाले, गणपतीच्या कारखान्यांचे मालक, पापड लाटणाऱ्या बायका, सगळ्यांचे. बाजारपेठेत विश्वास हाच भांडवल असतो आणि तो एकदा मोडला की पुन्हा जमायला पिढी जाते. ठेवीदारांच्या मोर्चांत त्या काळी दुकानदार मोठ्या संख्येने दिसत. आयुष्यात कधी घोषणा न दिलेली माणसे होती ती. त्यांतला एखादा पुढे सभागृहापर्यंत गेला असता तर पेणचा गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता, असे मला मनापासून वाटते.

तरीही दुकानातून पंचायतीत जाणारी वाट बंद झालेली नाही. तिच्यावर आता बायका चालत आहेत. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना पन्नास टक्के जागा राखीव झाल्यापासून खारपट्ट्यातल्या गावांत दुकान चालवणाऱ्या बायका ग्रामपंचायतीत बसू लागल्या. दोन उन्हाळ्यांपूर्वी अशाच एका गावात मी ग्रामसभेला गेलो होतो. हेटवणे धरण याच तालुक्यात आहे, त्याचे पाणी नवी मुंबईला जाते आणि धरणाच्या तालुक्यातला खारपट्टा एप्रिलपासून हंड्यांच्या रांगेत उभा राहतो. ग्रामसेवकाने टंचाईच्या अहवालातला आकडा वाचला. इतकी घरे बाधित, इतके टँकर मंजूर. पुढच्या बाकावरून एक सदस्या उठल्या. त्या गावात किराणा दुकान चालवतात. पदराखालून त्यांनी लाल पुठ्ठ्याची वही काढली, बोटाला थुंकी लावून पान उलटले आणि वाचायला लागल्या. अमक्या आळीत मार्चपासून पाण्याचे बारा जार उधारीवर, तमक्या आळीत एकोणीस, खालच्या वाडीत विधवा बाईच्या घरी चार, त्यातला एकही फिटलेला नाही. नाव एकाचेही घेतले नाही, फक्त आळी आणि जार. ग्रामसेवकाने आपला कागद खाली ठेवला आणि त्यांचे आकडे उतरवून घ्यायला सुरुवात केली. बाई वाचत राहिल्या, पान संपले की पुढचे पान.